नावाची पट्टी

प्रुइटच्या लॉकरवरची पट्टी
काढायची की ठेवायची,
हे मला कुणी सांगत नाही.
मार्च सरत आलाय. एरी सरोवराच्या काठाला बर्फ अजून
जुन्या साबणासारखा चिकटलेला,
आणि मी रिकाम्या लॉकर-रूममध्ये
पुढ्यात हेल्मेटं घेऊन बसलोय
एकेकाचे स्क्रू पिळत.

डावा गार्ड. नंबर सदुसष्ट.
टीव्हीवर त्याचं नाव घेतात
ते फक्त त्याची चूक झाली की.
मिसिसिपीतल्या कुठल्याशा गावचा,
आईचं कॅटफिश तळायचं दुकान पेट्रोल पंपाला खेटून.
ड्राफ्टचे तिन्ही दिवस तो तिथंच बसून होता म्हणे,
सात फेऱ्या, अडीचशेच्या वर नावं,
त्याचं कुणी पुकारलं नाही.
मग आमचा फोन गेला. एक बॅग घेऊन आला,
आणि मी त्याच्या जर्सीवरचे शेवटचे दोन टी
इतके जवळ शिवले
की पहिल्या सामन्यात ते एकच दिसले.
काही बोलला नाही.

तीन वर्षं झाली, करार संपला.
चार झाली असती तर मोकळा होता,
वाटेल त्या दारात जाऊन उभा राहिला असता.
तीनवाल्याला नुसती ढील देतात:
जा, दुसऱ्याच्या गच्चीपर्यंत जा,
फिरकी आमच्या हातात.
वरच्या मजल्यानं त्याच्यापुढं एका वर्षाचा कागद ठेवला,
होते त्यातला सगळ्यात स्वस्त.
महागातला ठेवला असता, तर त्याला नेणाऱ्यांना
पहिल्या नाहीतर दुसऱ्या फेरीतली आपली निवड
आमच्या पदरात टाकावी लागली असती.
या कागदात तसं काही नाही.
एवढंच, की कुणी मागणी घातलीच
तर शेवटचा शब्द आमचा.

घातली.
वाळवंटातल्या एका संघानं. तीन वर्षं,
आणि आकडा असा की ऐकताना
हातातला स्क्रू कुठं पडला कळलं नाही.
त्यानं सही केली.
आता पाच दिवस ती सही हवेत.
आमचे म्हणाले, "आम्हीही एवढेच देतो,"
तर तो इथलाच,
परक्यानं लिहिलेल्या करारावर, अक्षरानं अक्षर तोच.
गप्प बसले, तर गेला,
आणि बदल्यात आम्हाला छदाम नाही.
त्याला स्वतःला काय हवंय
हे लिहायची ओळ त्या कागदावर असेल,
मला कुणी दाखवली नाही.

तिसऱ्या दिवशी त्याची बायको, डेल्फीन,
मागच्या दारानं आली.
"रिकामी खोकी आहेत?"
दिली. मग दारातच थांबली:
"भरू का?"
मला विचारते. खांद्याचे पॅड मोजणाऱ्याला.

मला एकतीस हंगामांत एकदाच मागणी आली होती,
टोलेडोच्या एका शाळेकडून.
पगार बरा होता. मी नाही म्हटलं
आणि घरी सांगितलंच नाही.
तेवढंच देतो, राहा, म्हणायला
कुणाला ठाऊक तर हवं.

पाचवा दिवस. चारची मुदत.
मी पट्टीखाली नख घालून बघितलं,
एक कोपरा सुटला, तो पुन्हा दाबून बसवला.
चारला चार मिनिटं असताना फोन वाजला.
"दिले तेवढे," वरचा म्हणाला, आणि ठेवला.

एप्रिलात तो आला.
आधी पट्टी बघितली, मग मला.
"काढली नव्हतीस?"
"वेळ कुठं होता."
खोकी परत आणली होती, सपाट घडी घालून.
खिशातून एक कागद काढला,
पोरीनं खडूनं काढलेला निवडुंग, काटे लाल,
आणि लॉकरच्या आतल्या बाजूला धरून बघू लागला
कुठं बसतोय.
"टेप दे जरा," म्हणाला.
मी दिली.
चारी कोपरे चिकटवून झाल्यावर,
पाठ माझ्याकडंच ठेवून:
"आणि या वेळी ते दोन टी
सुटे शिव."